सोमवारचे जेवण

‘रेस्तराँ’ हे मुळात जागेचे नाव नव्हते. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रेंच भाषेत तो शब्द एका पदार्थाचा वाचक होता. मांस आणि हाडे मंद विस्तवावर तासन्‌तास शिजवून काढलेले, अशक्त माणसाच्या अंगात पुन्हा बळ आणणारे दाट कढण म्हणजे रेस्तराँ. ‘पूर्ववत करणे, सावरणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो साधलेला होता. १७६० च्या दशकात पॅरिसमध्ये असे कढण देणारी, स्वतंत्र मेजे मांडलेली, गिऱ्हाइकाला त्याच्या सवडीने येऊ देणारी दुकाने निघाली आणि हळूहळू पदार्थाचे नाव जागेला चिकटले. कढण मागे पडले, नाव तेवढे उरले. जगभर पसरलेल्या या शब्दाच्या पोटात एका थकलेल्या माणसाची आठवण दडलेली आहे, हे आज क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. मोठ्या शहरांतील झगमगत्या भोजनगृहांत ते ध्यानी येण्याचे कारणही नाही. परंतु फ्रान्सच्या एखाद्या लहानशा बाजारगावी, बाजाराच्याच दिवशी, जुन्या वळणाच्या भोजनगृहात जाऊन बसले, तर तो मूळ अर्थ अजून पुरता मेलेला नाही, असे वाटू लागते.

लुआँ हे असे एक गाव. बर्गंडीच्या पूर्व अंगाला, सोन नदी आणि जुरा पर्वत यांच्या दरम्यान ब्रेस नावाचा सपाट, ओलसर, चिकणमातीचा मुलूख आहे. त्यात सेय आणि सोलनाँ या नद्यांच्या संगमावर ते वसले आहे. वस्ती सहा-सात हजारांची. गावाचे वैभव म्हणजे त्याची मुख्य पेठ. या पेठेच्या दोन्ही अंगांना मिळून १५७ कमानी आहेत. काही दगडी, काही लाकडी. काही ऐसपैस, काही उंच माणसाला मान लववायला लावणाऱ्या. प्रत्येक घराने आपापल्या ऐपतीप्रमाणे आणि आपापल्या काळात आपली कमान उभारली. त्यामुळे रांग एकच असली तरी एक कमान दुसरीसारखी नाही. पाऊस असो वा ऊन, माणसे त्यांच्या आडोशाने चालतात, थांबतात, भाव करतात. आठवड्याचे सहा दिवस या कमानींखाली पावलांचा आवाज मोजता येईल इतकी शांतता असते. सातव्या दिवशी, म्हणजे सोमवारी, बाजार भरतो.

सोमवार म्हटले की मराठी मनाला उपवास आठवतो. फ्रान्समध्येही हा दिवस एका अर्थी उपवासाचाच. रविवारच्या गर्दीनंतर पुष्कळ दुकाने आणि भोजनगृहे त्या दिवशी बंद असतात. लुआँमध्ये मात्र हा क्रम उलटा आहे. सोमवारी सकाळी उजाडण्याच्या सुमारास आसपासच्या खेड्यांतून गाड्या येऊ लागतात. भाजी, लोणी, चीज, रोपे, कापड, अवजारे यांची पाले पेठेत मांडली जातात आणि झाडांखालच्या मोकळ्या पटांगणात जिवंत कोंबड्यांच्या पिंजऱ्यांच्या रांगा लागतात. कोंबड्या, बदके, ससे, कबुतरे यांच्या कलकलाटात शेतकरी आणि व्यापारी एकमेकांशी जवळजवळ कुजबुजत बोलतात. भाव मोठ्याने सांगायचा नसतो. पक्षी हातात घेऊन, पिसे बाजूला सारून, छातीचे हाड अंगठ्याने चाचपून पाहायचे, पुन्हा ठेवायचे, दोन पावले जायचे, परत यायचे, ही रीत जगातल्या कोणत्याही आठवडे बाजाराला ओळखीची वाटेल.

या बाजाराचे भोजनगृहाशी नाते केवळ शेजाराचे नाही. भोजनगृह हे बाजाराचेच अखेरचे पाल आहे. सकाळी आठ-नऊच्या सुमारासच तेथे पहिली पंगत बसते. पहाटे चारला उठून जनावरे आणि पक्षी घेऊन आलेल्या माणसाला त्या वेळी कॉफी आणि पावाचा तुकडा पुरत नाही. त्याच्यासाठी ‘तेत द व्हो’, म्हणजे वासराच्या डोक्याचे मांस, तयार असते. सोमवारी हा पदार्थ खाणे हा लुआँचा रिवाज आहे. ते मांस गाजर, कांदा आणि सुवासिक पाल्यासह मंद आचेवर दीर्घकाळ शिजवतात आणि उकडलेले अंडे, सिरका, मोहरी, बारीक चिरलेली हिरवी पाने यांच्या आंबट सॉसबरोबर गरमागरम वाढतात. मऊ, चिकट, किंचित थरथरणारे हे मांस नवख्या पाहुण्याला भिववते. पण त्याचा इतिहास साधा आहे. जनावराचा चांगला भाग पैसेवाल्यांच्या घरी जातो. डोके, पाय, आतडी मागे राहतात. मागे राहिलेल्या भागाला वेळ द्यावा लागतो. ज्याच्यापाशी पैसा नसतो त्याने वेळ खर्च करून चव मिळवायची, हा गरिबांच्या स्वयंपाकाचा नियम सगळीकडे सारखाच आहे.

दुपारी बाराला दुसरी आणि खरी पंगत बसते. पेठेतल्या एका कमानीआड असलेले असे एक भोजनगृह डोळ्यांपुढे आणावे. दारात फळ्यावर खडूने त्या दिवसाचे जेवण लिहिलेले आहे. आत तीस-चाळीस माणसे मावतील एवढे दालन, गर्द तपकिरी लाकडी तावदाने, मेजांवर कागदी आच्छादने, खुर्च्यांची पाठ इतकी सरळ की आळसाला वावच नाही. गल्ल्यामागे मालकीण उभी असते. तिचा नवरा, किंवा नवऱ्यामागे दीर, आत चुलीपाशी. सत्तरीकडे झुकलेली ही बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला नावाने ओळखते. पण तीस वर्षांच्या परिचयानंतरही त्याला ‘तुम्ही’च म्हणते. सलगी आहे, लगट नाही. गल्ल्याच्या बाजूला भिंतीवर लहान लहान खणांची एक लाकडी फळी आहे. तिच्या खणांतून गुंडाळी करून ठेवलेले कापडी रुमाल दिसतात. दर सोमवारी येणाऱ्या माणसाचा रुमाल त्याच्या खणात असतो. त्याने यावे, आपला रुमाल काढावा आणि आपल्या जागी जाऊन बसावे. कागदी रुमाल आल्यापासून ही चाल बहुतेक ठिकाणांहून गेली. येथे ती मालकिणीच्या हट्टापायी टिकून आहे.

जेवणाचा क्रम ठरलेला असतो. आरंभी कोशिंबीर किंवा थंड मांसाच्या चकत्या, मग मुख्य पदार्थ, मग चीज, अखेर गोड. पाव आणि सुरईभर साधे पाणी यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. वाढप्याची मेहनतही १९८७ पासून लिहिलेल्या किमतीतच धरलेली असते; गिऱ्हाइकाने वर काही ठेवले तर तो खुशीचा मामला. पदार्थ एकामागून एक येतात, एकत्र येत नाहीत. ताटात सर्व काही एकदम मांडून पाहण्याची सवय असलेल्या भारतीय माणसाला आरंभी हा विलंब जाचतो. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात येते की, दोन पदार्थांमधल्या त्या मोकळ्या जागेसाठीच हा सारा खटाटोप आहे. त्या जागेत बोलणे होते. सकाळी पटांगणात जे कुजबुजत ठरले ते येथे मोकळेपणी उघड होते. कोणाची तलंग कितीला गेली, कोणाच्या विहिरीचे पाणी आटले, कोणाचा मुलगा शेत सोडून शहरात गेला. २०१० साली युनेस्कोने फ्रेंच लोकांच्या ‘भोजनसोहळ्या’ची मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली, तेव्हा कोणा एका पदार्थाची निवड केलेली नव्हती, प्रसंगाप्रसंगाने एकत्र बसणे, क्रमाने खाणे आणि खाताना खाण्याविषयी बोलणे, या रीतीची ती नोंद होती. लुआँच्या दालनात त्या नोंदीची वार्ता कोणी विशेष मनावर घेतली असेल, असे दिसत नाही.

मुख्य पदार्थ बहुधा सायीतली कोंबडी. ब्रेसची कोंबडी हा साऱ्या मुलुखाचा अभिमान आहे. शुभ्र पिसे, लाल तुरा आणि निळसर पाय असा तिचा थाट. फ्रान्सच्या झेंड्याचे तिन्ही रंग तिने अंगावर वागवले आहेत, असे लोक कौतुकाने म्हणतात. १९३६ मध्ये बूर्ग-आँ-ब्रेसच्या न्यायालयाने या नावाच्या कोंबडीचा प्रदेश आखून दिला आणि १९५७ मध्ये कायद्याने त्या नावाला संरक्षण दिले. द्राक्षमळ्यांना जो मान मिळत असे तो एका पक्ष्याला मिळाला. त्या मानाबरोबर अटीही आल्या. प्रत्येक पक्ष्यामागे किमान दहा चौरस मीटर गवताळ जमीन हवी. तेथे त्याने किडे, गांडुळे, गोगलगायी वेचून खाव्यात. वरून मका, गहू आणि दूध मिळावे. कारखानदारी पद्धतीने वाढवलेला पक्षी पाच-सहा आठवड्यांत कापला जातो. ब्रेसच्या कोंबडीला साधारण चार महिने मिळतात. अखेरचे काही दिवस मात्र तिला ‘एपिनेत’ नावाच्या लाकडी पिंजऱ्यात, अंधाऱ्या शांत जागी ठेवून पुष्ट केले जाते. मुक्त आयुष्याचा शेवट कोंडवाड्यात व्हावा, ही या चवीची किंमत आहे, आणि ती कोणी लपवून ठेवत नाही. तिच्या डाव्या पायात एक कडी असते. त्या कडीवर पाळणाऱ्याचे नाव असते.

ही कडी सर्वांत महत्त्वाची. स्वयंपाकघरात पक्षी येतो तो डोके, निळे पाय आणि कडी यांसह. चिरणारा ती कडी काढून बाजूला ठेवतो. लोण्यात परतलेल्या तुकड्यांवर वाईन, कांदा, लसूण पडते, नंतर ब्रेसची दाट साय पडते, आणि वाफा निवळेपर्यंत तो पाळणारा कदाचित बाहेरच्या दालनातच, खिडकीजवळच्या मेजावर, रुमाल गुडघ्यांवर पसरून बसलेला असतो. आपण वाढवलेला पक्षी कोणाच्या पानात गेला हे त्याला दिसते; आपल्या पानातला पक्षी कोणी वाढवला हे खाणाऱ्याला विचारता येते. वाईट निघाला तर तक्रार कोणाकडे करायची, हे दोघांनाही ठाऊक असते. पारंपरिक भोजनगृह म्हणजे काय, याचे उत्तर पाककृतींच्या पुस्तकात शोधण्यापेक्षा या अंतरात शोधावे. खुराड्यापासून पानापर्यंतचे अंतर जेथे एका माणसाच्या ओळखीएवढे उरते, ते पारंपरिक.

परंतु या परंपरेतही एक गाठ आहे, आणि ती सहज सुटणारी नाही. ज्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कोंबडी वाढवली, त्यांच्या घरी ती शिजत नसे. ती विकण्यासाठी, जमीनमालकाचा खंड भागवण्यासाठी आणि शहरी श्रीमंतांच्या मेजवान्यांसाठी होती. शेतकऱ्याच्या घरी रोज शिजे ते ‘गोद’. मका भट्टीत भाजून दळायचा, त्या तांबूस पिठाचा पाण्यात किंवा दुधात घाटा करायचा आणि कुटुंबाने तोच खायचा. त्या प्रदेशातील जुन्या घरांच्या वळचणीला मक्याच्या कणसांच्या माळा टांगलेल्या असत. ब्रेसच्या लोकांना शेजारचे ‘पिवळ्या पोटाचे’ म्हणून चिडवीत. या नावाची एक व्युत्पत्ती अशी की मका खाऊन खाऊन त्यांची पोटे पिवळी झाली. दुसरी अशी की, कोंबड्या विकून आलेली सोन्याची नाणी ते पोटाशी कमरपट्ट्यात बांधून घरी परतत. एकाच नावात दारिद्र्य आणि धन दोन्ही मावावीत, आणि दोहोंचा संबंध पोटाशीच असावा, हे मोठे अर्थपूर्ण आहे. सोने पोटावर होते, पोटात मका होता.

विसाव्या शतकात या प्रदेशाचे पाककौशल्य जगापुढे नेले ते अशाच पोटी मका खाऊन वाढलेल्या एका बाईने. यूजेनी ब्राझिए हिचा जन्म १८९५ साली बूर्ग-आँ-ब्रेसच्या परिसरातील शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी आई गेली. मग परक्यांच्या शेतांवर राबणे नशिबी आले. अविवाहित अवस्थेत मूल झाले, घर सुटले. लिआँ शहरात ती कामाला लागली, स्वयंपाक शिकली आणि १९२१ मध्ये तिने स्वतःचे लहानसे भोजनगृह काढले. १९३३ मध्ये मिशलँ मार्गदर्शिकेने तिच्या दोन्ही भोजनगृहांना प्रत्येकी तीन तारे दिले. तिच्या हातची ब्रेसची कोंबडी खाण्यासाठी मंत्री आणि धनिक येत. लिआँच्या अशा स्वयंपाकिणींना लोक ‘मेर’, म्हणजे आई, म्हणत. ज्या मुलीला परक्याच्या अंगणातील कोंबड्या राखाव्या लागल्या, तिच्याच हाताने त्या कोंबडीला प्रतिष्ठा दिली. लुआँच्या कमानीआडची मालकीण या नामवंत मालिकेतली नव्हे. पण तिचा वंश तोच आहे.

एका सोमवारी या दालनात एक मराठी जोडपे आले. मुलीकडे, लिआँला, काही महिन्यांसाठी आलेले, दोघेही शाकाहारी. फळ्यावर वासराचे डोके, सायीतली कोंबडी, बेडकांच्या तंगड्या. त्यांनी आपली अडचण तुटक्या फ्रेंचमध्ये सांगितली तेव्हा मालकीण गोंधळली नाही, रागावलीही नाही. तिने खालच्या आवाजात विचारले, डॉक्टरांनी मना केले आहे का? तिच्या दृष्टीने मांस नाकारण्याचे सभ्य कारण आजार हेच असू शकत होते. नाही म्हटल्यावर ती क्षणभर उभी राहिली. आमलेट करून देता येईल, म्हणाली; तेही चालत नाही असे कळल्यावर आत गेली आणि बऱ्याच वेळाने दोन खोल बशा घेऊन आली. तांबूस घाटा, मधोमध सायीचे तळे. फळ्यावर हा पदार्थ नव्हता. भाजलेल्या पिठाचा वास येताच त्या बाई नवऱ्याला मराठीत म्हणाल्या, “अहो, हा तर आपला घाटाच की!” मालकिणीला शब्द कळले नाहीत, सूर कळला. आपली आई रोज संध्याकाळी हेच खात असे, तिने सांगितले. पण हे फळ्यावर कसे लिहायचे? ही काही गिऱ्हाइकाला द्यायची वस्तू नव्हे. बिलात तिने कोशिंबीर आणि चीज यांचेच पैसे लावले.

हा संकोच लक्षात घेण्याजोगा आहे. मालकांसाठी वाढवलेली कोंबडी ‘परंपरा’ म्हणून फळ्यावर चढते आणि घरोघर रोज शिजणारा घाटा आतल्या चुलीपाशी लपून राहतो. वस्तुतः तो मकाही मूळचा तेथला नव्हे. अमेरिकेतून युरोपात येऊन, पिढ्यांच्या गरजेने तो ब्रेसचा झाला. तात्पर्य, पारंपरिक असणे आणि पुरातन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तथापि सोमवारच्या दुपारी या दालनात जे घडते त्याचे मोल यामुळे कमी होत नाही, उलट वाढते. शतकानुशतके जो विकत आला तो येथे खाणाऱ्याच्या बाजूला बसतो. आपलीच कोंबडी, आपल्याच पैशाने, कोणीतरी वाढलेली, तो सावकाश खातो. फ्रेंच राज्यक्रांतीविषयी जे पुष्कळ लिहिले जाते त्यात या खुर्चीचा उल्लेख येत नाही. पण तिचा एक पाय त्या इतिहासात रोवलेला आहे.

फळ्यावरचा तिसरा पदार्थ अधिक अवघड प्रश्न उभा करतो. लोणी, लसूण आणि अजमोद्याच्या पानांत परतलेल्या बेडकांच्या तंगड्या हा ब्रेस आणि त्याच्या दक्षिणेकडील दोंब या तळ्यांच्या प्रदेशाचा आवडता पदार्थ. खाणारे हातांनी खातात, बोटे चाटतात, हाडांचा ढीग रचतात. मात्र बेडकांची संख्या घटत गेल्यामुळे १९८० पासून फ्रान्समध्ये विक्रीसाठी रानटी बेडूक पकडण्यावर, काही अपवाद वगळता, बंदी आहे. तळी तेथेच आहेत, पाककृतीही तीच आहे. तंगड्या मात्र गोठवून बाहेरदेशांतून येतात. एके काळी त्या भारतातूनही येत. आपल्या भातखाचरांतील मोठे बेडूक पावसाळ्याच्या रात्री कंदिलांच्या उजेडात पोत्यांनी पकडले जात. तंगड्या कापून परदेशी धाडल्या जात, धड टाकून दिले जाई. जो प्राणी शेतातली कीड खाऊन पीक राखत होता तो नाहीसा होऊ लागला, कीटकनाशकांचा खप वाढेल अशी भीती निर्माण झाली आणि १९८७ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. त्यानंतर हा भार बांगलादेशाने, आणि पुढे मुख्यतः इंडोनेशियाने उचलला.

म्हणजे एकाच फळ्यावर, एकाच हस्ताक्षरात, एकाखाली एक लिहिलेल्या दोन पदार्थांपैकी एकाच्या पायात नावाची कडी आहे आणि दुसऱ्याचा पाय तेवढा आला आहे, नाव आलेले नाही. कोणाचे शेत रिकामे झाले, ते बशीत दिसत नाही. चव, वास, बशी, लसणीचे प्रमाण, सारे जुनेच आहे. तुटला आहे तो माणसाचा माणसाशी संबंध. परंपरा मोडते तेव्हा आवाज होत नाही, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. मालकिणीला हे माहीत आहे. बेडूक कोठले, असे कोणी विचारले तर ती खरे ते सांगते. न विचारता सांगत नाही, एवढेच.

विचारण्याची वेळ मात्र फ्रान्समध्ये आता साऱ्याच पदार्थांच्या बाबतीत आली आहे. कारखान्यात शिजवून पिशव्यांत भरलेले पदार्थ गरम करून वाढणारी, आणि दारात ‘पारंपरिक’ अशी पाटी लावणारी भोजनगृहे इतकी वाढली की, ‘घरी केलेले’ या साध्या शब्दांची व्याख्या २०१४ मध्ये कायद्याला करावी लागली. कच्च्या मालापासून जागेवर शिजवलेल्या पदार्थापुढे एक चिन्ह काढावयाचे. ते चिन्ह म्हणजे एक भांडे, आणि त्यावर झाकणाऐवजी घराचे छप्पर. गोठवलेला कच्चा माल या व्याख्येत बसतो. त्यामुळे पदार्थ कोठे शिजला हे ते छप्पर सांगते, कोठून आला हे सांगत नाही. घरच्यासारखे जेवण हे शब्द सरकारी राजपत्रात जाऊन पोहोचतात, तेव्हा घराची काय अवस्था झाली असेल याचा अंदाज बांधता येतो. लुआँच्या मालकिणीने ते चिन्ह लावलेले नाही. आपल्या स्वयंपाकघराला छप्पर आहे हे गावाला दिसतेच, असे तिचे म्हणणे.

संकटे एवढ्यावर थांबली नाहीत. २००६ च्या फेब्रुवारीत दोंबच्या तळ्यांत रानबदकांमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू आढळला, पाठोपाठ एका टर्कीपालन केंद्रात तो शिरला आणि मोकळ्या गवतावर वाढणाऱ्या पक्ष्यांना बंदिस्त ठेवण्याचे हुकूम निघाले. गवत हाच ज्या कोंबडीच्या प्रतिष्ठेचा आधार, तिच्यावर गवताची बंदी आली. पुढील वर्षांतही ही साथ फिरफिरून येत राहिली. नंतर २०२० चा मार्च उजाडला. देशातील सर्व भोजनगृहे एका रात्रीत बंद झाली, उघड्यावरचे बाजारही बहुतांशी थांबले. जूनमध्ये दारे उघडली ती ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा मिटली आणि २०२१ च्या मे-जूनपर्यंत मिटलेलीच राहिली. इतके सोमवार लुआँच्या त्या दालनात पंगत बसली नाही. सरकारी मदतीने गल्ला कसाबसा तगला. पण दर सोमवारी येणाऱ्या म्हाताऱ्यांना त्या काळात कोणी काय दिले, याचा हिशेब कोठल्याच खात्यात नाही.

खिडकीजवळच्या मेजावर बसणारा एक वृद्ध त्यांपैकीच. पूर्वी तो कोंबड्या पाळी. त्याच्या नावाच्या कड्या या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे निघाल्या. बायको वारली, मुलगा दिजाँला नोकरीला लागला, गवताळ जमीन शेजाऱ्याने खंडाने घेतली. आता त्याला विकायचे काही नाही, घ्यायचेही फारसे काही नाही. तरी सोमवारी सकाळी दाढी करून, स्वच्छ सदरा घालून तो बाजारात येतो, पिंजऱ्यांच्या रांगेतून फिरतो, एखादा पक्षी उचलून छातीचे हाड चाचपतो, खाली ठेवतो आणि बाराच्या आधी आपल्या जागी येऊन बसतो. उरलेले सहा दिवस तो काय खातो? मालकीण म्हणते, उभ्याउभ्या काहीतरी. त्याच्यासारख्या माणसाला सोमवारच्या जेवणाने मिळते ते केवळ अन्न नसते. त्याच्यासमोर बशी ठेवताना ती त्याचे नाव घेते. आठवड्यातून एकदा कोणीतरी आपले नाव मोठ्याने उच्चारणे, यात माणसाला सावरून धरण्याचे किती सामर्थ्य आहे, हे एकट्या राहिलेल्या माणसाखेरीज कोणाला सांगता येणार नाही.

तीनच्या सुमारास पंगत उठते. बाहेर पाले उतरलेली असतात, पाण्याच्या झोताने रस्ता धुतला जात असतो, ओल्या दगडांवर काही पांढरी पिसे चिकटून राहिलेली असतात. म्हातारा बशीतली उरलेली साय पावाच्या तुकड्याने निपटून घेतो, रुमालाची घडी करतो, तो गुंडाळून आपल्या खणात ठेवतो. “सोमवारी येतो,” म्हणतो. “सोमवारी या,” मालकीण म्हणते.

ती फळा पुसायला घेते. भिंतीवरच्या फळीत चोवीस खण आहेत. त्यांतले नऊ रिकामे आहेत. नव्या माणसाला त्यांतला एखादा देता येईल. पण तसे तिने अजून केलेले नाही. भोजनगृह पुढे कोण चालवणार, हेही अद्याप ठरलेले नाही. दुकान विकत घेऊ पाहणारे दोघे-तिघे येऊन गेले. त्यांनी दालनाची मापे घेतली, चुलीची चौकशी केली, गल्ल्यावरचे आकडे पाहिले. त्या फळीविषयी कोणी विचारले नाही. विचारील त्याला किंमत थोडी कमी करून द्यायची, असे तिने मनाशी ठरवले आहे.